वाहनांवरील काढलेली अक्षरे आणि विटलेला रंग : एक ऐतिहासिक अभ्यास (घाटंजीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्यातील वाघाडी नदीकाठचे, कापसाच्या पट्ट्यातले तालुक्याचे गाव. येथील रस्त्यांवर धावणाऱ्या जीप, पिकअप, मॅटेडोर व मोटारसायकली यांपैकी अनेक वाहने एकापेक्षा अधिक मालकांच्या हाताखालून गेलेली असतात. जुनी गाडी घेतली की नवा मालक प्रथम आधीच्या मालकाचे नाव, दुकानाची जाहिरात, शाळेचे अथवा संस्थेचे बोधचिन्ह काढून टाकतो. स्टिकर निघते, नाव मात्र निघत नाही. पाच-सात वर्षे स्टिकरखाली राहिलेला भाग गडद दिसतो, भोवतालचा फिका दिसतो, आणि दोहोंच्या सीमेवर जुने नाव अक्षरन्‌अक्षर वाचता येते. ‘छाप राहिली’ असे त्याला गॅरेजमध्ये म्हणतात.

ही छाप हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय. ती कशी पडते, वाहनांच्या इतिहासात ती केव्हापासून दिसू लागली आणि ती घालविण्याचे कोणते उपाय कोणत्या रंगाला लागू पडतात, हे तीन प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. कारण रंग कोणत्या काळातला आहे हे ठरल्याशिवाय उपाय ठरत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने गाडीच्या पॉलिशविषयी लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. ताम्रपट घासून स्वच्छ करावा की करू नये, हा प्रश्न ज्यांना चमत्कारिक वाटत नाही, त्यांना हाही वाटू नये.

छाप म्हणजे काय ?

‘छाप’ हा शब्द येथे दिशाभूल करतो. स्टिकरने पत्र्यावर काहीतरी सोडले, डाग पाडला, असा त्याचा ध्वनी आहे. आणि म्हणून मालक व कधीकधी कारागीरही त्या गडद अक्षरांवरच तुटून पडतात, ती घासतात, थिनरने पुसतात. वस्तुस्थिती उलट आहे. गडद दिसणारा भाग हाच गाडीचा मूळ रंग होय. स्टिकरने त्याचे ऊन, पाऊस व धूळ यांपासून रक्षण केले. बिघडली आहे ती उरलेली सगळी गाडी. तेव्हा अक्षरे घासणे म्हणजे सर्व गाडीत जो भाग शाबूत राहिला तोच नासवणे होय. पुढे उपायांचा विचार करताना हा मुद्दा पुन्हापुन्हा उपयोगी पडेल.

प्रकाशाने अक्षरे उमटण्याची ही क्रिया नवी नाही. इ.स. १७१७ च्या सुमारास योहान हाइनरिख शुल्झे या जर्मन प्राध्यापकाने खडूची भुकटी व चांदीचा क्षार यांचे मिश्रण बाटलीत भरून तिच्यावर कागदात कापलेली अक्षरे लावली व ती उन्हात ठेवली. जेथे ऊन पोहोचले तेथे मिश्रण काळवंडले, आणि अक्षरे उमटली. छायाचित्रणाच्या पूर्वेतिहासात या प्रयोगाचा उल्लेख नेहमी येतो. रंग विटण्याचा पद्धतशीर अभ्यास त्यानंतर बऱ्याच काळाने झाला. इंग्लंडमध्ये रसेल व ॲब्नी यांनी जलरंगांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो याचा अहवाल १८८८ मध्ये सादर केला. त्यांची पद्धत सोपी होती : रंग दिलेल्या पट्टीचा अर्धा भाग झाकायचा, अर्धा उघडा ठेवायचा आणि काही काळाने दोन्ही शेजारीशेजारी पाहायचे. रंगांच्या कारखान्यांत पत्र्याचे नमुने आजही याच तत्त्वाने उन्हात मांडले जातात. स्टिकर लावलेले प्रत्येक वाहन हा असाच, कोणी न योजलेला, अर्ध्या झाकलेल्या पट्टीचा प्रयोग असतो. आणि विदर्भात, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो व गाड्या बहुधा उघड्यावरच उभ्या असतात, तो फार लवकर फळाला येतो.

विटण्याच्या या क्रियेत दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात. पहिली गोष्ट बंधकाची, म्हणजे रंगद्रव्याचे कण एकत्र धरून ठेवणाऱ्या राळेची. अतिनील किरणांनी राळेचा वरचा थर तुटतो, कण मोकळे होतात आणि पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका दिसतो. हात फिरविला तर बोटाला रंग लागतो. दुसरी गोष्ट रंगद्रव्याची. काही द्रव्ये, विशेषतः तांबड्या व पिवळ्या रंगांतील अनेक सेंद्रिय द्रव्ये, प्रकाशाने स्वतःच बदलतात. लोखंडाच्या भस्मापासून केलेला गेरवा तांबडा रंग मात्र अत्यंत टिकाऊ असतो. पहिल्या प्रकारची हानी वरवरची असल्याने भरून काढता येते. दुसऱ्या प्रकारची घासून भरत नाही.

वाहनांच्या रंगाचा इतिहास

घोडागाडीच्या काळात रंग ब्रशाने देत. तैलरंगाचे व वार्निशाचे अनेक थर चढवीत, आणि प्रत्येक थर सुकण्याची वाट पाहावी लागत असल्याने एका गाडीला कित्येक आठवडे लागत. मोटारीचे उत्पादन वाढले तेव्हा हीच अडचण कारखान्यांपुढे आली. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात आपली ‘मॉडेल टी’ केवळ काळ्या रंगात विकली. भट्टीत भाजलेला तो काळा रंग स्वस्त व टिकाऊ होता. ही कोंडी फोडली ती ड्युपॉन्ट कंपनीच्या ‘ड्यूको’ने. नायट्रोसेल्युलोजपासून केलेला हा फवाऱ्याचा रंग १९२३ मध्ये आला आणि १९२४ सालच्या ओकलंड मोटारींवर जनरल मोटर्सने तो निळ्या छटेत वापरला. याच जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारजोडणी सुरू केली. आपल्याकडे गाडीच्या फवाऱ्याच्या रंगाला आजही सर्रास ‘ड्यूको’ म्हणतात, मग डब्यात काहीही असो. एका कंपनीचे व्यापारी नाव जातिवाचक नाम होऊन बसल्याचे हे चांगले उदाहरण आहे. भाषेच्या अभ्यासकांनी त्याची नोंद घ्यावयास हरकत नाही.

भारतीय रंगउद्योगाचा विस्तार याच काळातला. शालिमार पेंट्स १९०२ मध्ये हावड्याजवळ सुरू झाली होती. आज नेरोलॅक या नावाने परिचित असलेली कंपनी १९२० मध्ये मुंबईत लोअर परळ येथे गहागन पेंट्स या नावाने निघाली. एशियन पेंट्सची स्थापना मुंबईतच १९४२ मध्ये झाली. स्वातंत्र्योत्तर काळात ट्रक, ट्रॅक्टर व जीप यांवर बहुतांशी कृत्रिम राळेचे एनॅमल दिसते. ते हवेतील प्राणवायूने घट्ट होते, चकाकते, स्वस्त पडते आणि उन्हात काही वर्षांनी खडूसारखे होते. मारुती मोटार डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आल्यानंतर प्रवासी गाड्यांचे स्वरूप पालटत गेले. पुढे खाली रंगाचा पातळ थर व त्यावर पारदर्शक थर, म्हणजे ज्याला कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात, ही पद्धत रूढ झाली. अशा गाडीवरील सर्व थरांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १३० मायक्रॉन असते व त्यांत पारदर्शक थराचा वाटा सुमारे ४० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी असतो. घासण्याची मर्यादा या आकड्यात आहे.

पेंटर आणि ‘रेडियम’

वाहनावरचे नाव पूर्वी पेंटर लिहीत असे. खडूने रेघा आखून, ब्रशाने, एनॅमलमध्ये. ट्रकच्या मागील फळीवरचे सुभाषित, ट्रॉलीवरचे गावाचे नाव, जीपच्या दारावरचे ‘महाराष्ट्र शासन’, एस.टी.वरचे ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ ही सर्व एकाच कुळातली अक्षरे होत. हाताने लिहिलेले अक्षर खालच्या रंगाशी एकजीव होते. ते सोलून काढता येत नाही. नाव बदलायचे तर ती जागा वॉटर पेपरने घासून, आवश्यक तेथे लांबी भरून, पुन्हा रंगवावी लागे. त्यामुळे तेथे चौकोनी ठिगळ दिसे, क्वचित रंगाखाली अक्षरांचा उंचवटा हाताला लागे; पण आज दिसते तशी नेमक्या कडांची गडद अक्षरे सहसा दिसत नसत. म्हणजे ज्या छापेचा आपण विचार करीत आहोत ती वाहनाच्या शोधाबरोबर आलेली नाही. सहज लावता व सहज काढता येणाऱ्या अक्षरांबरोबर आली.

ही अक्षरे आपल्याकडे ‘रेडियम’ म्हणून ओळखली जातात. रेडियम या मूलद्रव्याशी त्यांचा काहीही संबंध नाही. अंधारात चमकणाऱ्या घड्याळाच्या तबकडीवरून हे नाव परावर्तक पट्टीला आणि तिच्यावरून प्लॅस्टिकच्या सगळ्याच चिकटपट्टीला मिळाले असावे. परावर्तक पट्टीत काचेचे सूक्ष्म मणी असतात व अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यावरील फलकांसाठी ती प्रथम वापरात आली. संगणकाच्या आज्ञेने अक्षरे कापणारी यंत्रे १९८० च्या दशकात परदेशात निघाली. ती तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली तेव्हा पेंटरचे एका दिवसाचे काम अर्ध्या तासात होऊ लागले. मोटारसायकलींनी ही सवय घरोघर नेली. १९८५ मध्ये आलेली हीरो होंडा सीडी १०० व १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर यांच्या टाकीवर कारखान्यातूनच पट्टे चिकटवलेले असत. (टाकीवरच्या काही पट्ट्यांवर पारदर्शक लॅकरचा हात दिलेला असतो. असे पट्टे सोलण्याच्या भानगडीत पडू नये.)

एस.टी.चे उदाहरण येथे उद्बोधक आहे. पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर धावली तेव्हा ती निळ्या व चंदेरी रंगाची होती. लाल रंग पुढे आला. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर आलेल्या हिरव्या-पांढऱ्या निमआराम गाड्यांना लोकांनी ‘एशियाड’ हे नाव दिले. तांबडा रंग उन्हात लवकर उतरतो हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही जुन्या अक्षरांची छाप एस.टी.वर फारशी आढळत नाही, कारण दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत गाडीची बांधणी व पुनर्बांधणी होते आणि तेथे सबंध गाडी रंगविली जाते. खाजगी मालकाला ही सोय नाही. तो एका दरवाजापुरता खर्च करू पाहतो. आणि एका दरवाजापुरता उपाय हाच सर्वांत अवघड उपाय आहे.

अक्षरे काढायला लावणारा इतिहास

मालक बदलल्यामुळेच अक्षरे निघतात असे नाही. राज्यसंस्थेनेही ती वेळोवेळी काढायला लावली आहेत. घाटंजीचा प्रदेश वऱ्हाडातला. स्वातंत्र्यानंतर तो मध्य प्रदेश राज्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. साडेतीन वर्षांत दोनदा राज्य बदलले. त्या काळात सेवेत असलेल्या ज्या सरकारी वाहनावर राज्याचे नाव होते, त्याचे दार दोनदा घासावे लागले असणार, हे उघड अनुमान आहे.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याखालील केंद्रीय नियमांनी नोंदणी क्रमांक इंग्रजी अक्षरांत व अरबी अंकांतच लिहिण्याचे बंधन घातले. यवतमाळ जिल्ह्याला ‘एमएच २९’ ही खूण मिळाली. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवरील काळ्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हा देशभर फिल्म खरवडल्या गेल्या. पण काच विटत नाही, त्यामुळे तेथे केवळ गोंदाचा प्रश्न होता. ३० एप्रिल २०१५ रोजी महाराष्ट्र शासनाने व्यावसायिक वाहनांवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ या शब्दांना मनाई केली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी सक्तीची झाली आणि जुन्या वाहनांसाठी राज्यात २०२५ मध्ये, मुदतवाढी देत, मोहीम चालली. क्रमांकपट्टी हे रेडियमवाल्यांचे हुकमी काम होते. ते कमी झाले, आणि पेंटरकडून जे त्यांच्याकडे आले होते तेही त्यांच्या हातून सुटू लागले. कारागिरीच्या इतिहासात एका पिढीच्या आत दोन व्यवसाय असे बाजूला पडल्याची उदाहरणे फार नसावीत.

उपायांचा विचार

प्रथम स्टिकर काढण्याविषयी. ते गार असताना ओढू नये. उन्हात तापवून किंवा केस वाळविण्याच्या यंत्राने ऊब देऊन, पत्र्याला जवळजवळ समांतर असे हळूहळू सोलावे. उरलेला गोंद कापडावर थोडे रॉकेल घेऊन निघतो. मग साबणाच्या पाण्याने धुवावे. पाते वापरू नये. जुने प्लॅस्टिकचे कार्ड पुरते. थिनरचा मोह आवरावा. ड्यूको, म्हणजे खरा नायट्रोसेल्युलोजचा रंग, केवळ द्रावक उडून सुकलेला असतो, म्हणून थिनर लागताच तो पुन्हा विरघळतो. एनॅमल विरघळत नाही पण फुगून सुरकुतते. कारखान्यात भाजलेला आधुनिक थर थोडा वेळ टिकाव धरतो. एकाच बाटलीने तीन काळांतल्या तीन रंगांवर तीन वेगळे परिणाम होतात.

त्यानंतर निदान. त्यासाठी स्वच्छ पाण्याखेरीज काही लागत नाही. छाप असलेला भाग व भोवतालचा भाग पूर्ण ओला करावा आणि पाहावे. ओले असताना अक्षरे दिसेनाशी झाली तर हानी वरच्या थरातली आहे. पाण्याने जे तात्पुरते केले ते रबिंग कंपाउंड व पॉलिश कायमचे, निदान बराच काळ, करू शकेल. ओले असतानाही अक्षरे दिसत राहिली तर रंगद्रव्यच उतरले आहे, आणि घासण्याने ते परत येणार नाही.

पहिल्या स्थितीत घासायचे ते अक्षरांभोवतालचे क्षेत्र, आणि तेही अक्षरांपुरते नव्हे. दरवाजा असेल तर सबंध दरवाजा. मऊ कापडावर बारीक कंपाउंड घेऊन, सावलीत, पत्रा गार असताना, छोट्या टापूत काम करावे. एनॅमल असेल तर कापडाला गाडीचा रंग लागेल. त्याने घाबरू नये, तो मेलेला थर होय. क्लिअर कोट असेल तर कापडाला रंग लागता कामा नये. लागला, तर पारदर्शक थर संपला व खालचा रंग निघू लागला असे समजून हात तेथेच थांबवावा. कडा व उंचवटे यांवर थर पातळ असतो, तेथे अधिक जपावे. शेवटी मेण किंवा संरक्षक पॉलिश लावले नाही तर उघडा पडलेला नवा पृष्ठभाग पुन्हा त्याच वाटेने जातो.

कधीकधी रंग एकसारखा होतो पण तिरप्या उजेडात अक्षरांच्या कडा दिसत राहतात. स्टिकरभोवतीचा थर झिजून किंचित खाली गेलेला असतो आणि अक्षरे पायरीसारखी वर उरतात. येथे मात्र अक्षरांवर हात चालवावा लागतो : अतिशय बारीक वॉटर पेपर, भरपूर पाणी, आणि नंतर कंपाउंड. अक्षरे घासू नयेत या वर सांगितलेल्या नियमाला हा एक अपवाद.

दुसऱ्या स्थितीत, म्हणजे रंगद्रव्यच उतरले असताना, मार्ग तीन. वाट पाहणे हा पहिला. उघडा पडलेला भागही विटू लागतो व काही महिन्यांत फरक सौम्य होतो, जरी तो क्वचितच संपूर्ण नाहीसा होतो. दुसरा, पुन्हा रंगविणे. येथे कंपनीच्या सांकेतिक क्रमांकाप्रमाणे आणलेला रंग नेमका चुकीचा ठरतो, कारण तो गाडीच्या जन्माच्या दिवसाचा रंग असतो. शेजारचा पत्रा आजचा असतो. अनुभवी पेंटर डोळ्याने छटा मिळवतो, फवारा शेजारच्या भागावर विरळ करीत नेतो आणि सीमारेषा कोठेच राहू देत नाही. या कौशल्याची मजुरी मात्र डब्यावर लिहिलेली नसते, आणि घासाघीस बहुधा तिच्यावरच होते. तिसरा मार्ग सर्वांत जुना व सर्वांत लोकप्रिय : जुन्या नावावर त्याहून मोठे नवे नाव लावणे. सबंध गाडीचा रंगच बदलायचा असेल तर नोंदणी प्रमाणपत्रात गाडीचा रंग नोंदलेला असतो हे ध्यानात ठेवून परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. काळी-पिवळी जीप खाजगी वापरात आणणाऱ्यांना हे चांगले माहीत असते. पॉलिश करण्यास अशी परवानगी लागत नाही.

कारागिराच्या प्रकृतीचा प्रश्न या चर्चेत सहसा येत नाही. जुन्या पिवळ्या व नारिंगी एनॅमलमध्ये शिशाचे क्षार असत. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण ९० भाग प्रतिदशलक्ष इतके मर्यादित करणारे केंद्र शासनाचे नियम २०१६ मध्ये झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. वाहनांचे रंग त्यांच्या कक्षेत नाहीत, आणि आधीच लावलेला रंग तर कोणत्याच नियमाने पत्र्यावरून उतरत नाही. म्हणून जुनी गाडी कोरडी घासू नये; पाणी वापरून घासावी. कठीणकारक मिसळून वापरायच्या आधुनिक रंगांत आयसोसायनेट असते व त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. नाकाला रुमाल बांधल्याने तो अडत नाही. रस्त्याच्या कडेला, उघड्यावर, रुमाल बांधून फवारा मारणारा तरुण हे दृश्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. घासाघीस करताना त्याच्या श्वासाचा हिशेब कोणी धरीत नाही.

नोंदीचा प्रश्न

इतिहासाच्या दृष्टीने ही छाप एक साधन आहे. गाडी कोणत्या दुकानाची, कोणत्या गिरणीची, कोणत्या शाळेची होती; नाव देवनागरीत होते की रोमन लिपीत; दूरध्वनी क्रमांक किती अंकी होता, हे सर्व त्या गडद अक्षरांत असते. क्रमांकाच्या लांबीवरून काळाचा अंदाजही बांधता येतो. तालुक्यातील बंद पडलेल्या व्यवसायांची नावे कागदोपत्री शोधणे कष्टाचे असते. त्यांतील काही गावाच्या टोकाला उभ्या असलेल्या एखाद्या मॅटेडोरच्या फळीवर वाचता येतील. मालकाने ती घालवू नयेत असे म्हणण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही. गाडी त्याची आहे, आणि दुसऱ्याचे नाव मिरवीत हिंडणे त्याला नको असते, हे रास्तच आहे.

मात्र घासण्यापूर्वी छायाचित्र घेता येते. पदवी वर्गातील विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी हे काम देता येण्यासारखे आहे : मालकाच्या परवानगीने, सकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी धरून, गाडीचा प्रकार, नोंदणीचे वर्ष व अक्षरांची जागा लिहून ठेवावी, आजच्या मालकाचे नाव वा क्रमांक नोंदवू नये. गाडी धुण्याआधी जावे, किंवा धुतल्यावर पत्रा सुकेपर्यंत थांबावे. हानी वरच्या थरातली असेल तर ओल्या पत्र्यावर ही अक्षरे दिसत नाहीत.